शेरा

आधी वीस मिनिटं बसवून ठेवायचं,
एकवीस अंशांच्या खोलीत. चहा नाही,
गालाला हात लावायचा नाही.
मग मी यंत्राचं तोंड गालफडावर टेकवते
इतकं हलकं, की कातडीला कळू नये
तिला कुणी काही विचारलंय.
टिक्. आकडा येतो.
तीनदा घ्यायचा, सरासरी मांडायची.

लीड्समधलं हे माझं चौथं वर्ष.
पगारपत्रकावर हुद्दा जरा भारदस्त आहे,
पण आईला फोनवर एवढंच सांगते:
बायका गालात औषध भरून घेतात,
गाल सुजतात, सूज उतरेपर्यंत मी बघते.
आई म्हणते, गाल फुगवायला पैसे मोजतात?
आमच्याकडे फुकट फुगवून बसतात.

मॉरीन हार्डकासल, वय बासष्ट,
शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त.
दाढा काढल्या तेव्हापासून गाल आत बसलेले.
तिसरा दिवस. सूज दोन, लाली एक,
दुखणं फक्त दाबल्यावर.
आकडे शहाण्यासारखे उतरत होते
आणि ती सहज म्हणाली, गुरुवारच्या नाचाला
कुणी रेजिनल्ड येतो, त्याने विचारलं,
समुद्रावर जाऊन आलीस का?
टिक्. आकडा तीनने वर.
पुन्हा टिक्. अजून वर.
दोन्ही गालांवर, कानाच्या पाळीपर्यंत,
जिथे सुई गेलीच नव्हती तिथेही.

मी यंत्र खाली ठेवलं.
आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत बसलो
लाली उतरायची वाट पाहत.
नियमावलीत या लालीला वेगळा शब्द नाही.
"पुन्हा मोजणी. कारण: खोलीचं तापमान,"
असं लिहिलं.
हे एक खोटं माझ्या नावावर आहे.

व्हर्ना बॅस्कम्ब, चॅपलटाउनची,
माझ्याहून दोन छटा गडद.
तिसरा दिवस. ती म्हणाली, आग होतेय.
यंत्र म्हणालं, काही नाही.
टिक्, टिक्, टिक्. सुईच्या आधीचाच आकडा.
तक्त्यावर शून्यासमोर छापील गाल, गोरा, स्वच्छ.
एकसमोर गुलाबी. चारसमोर टोमॅटो.
पाचही चेहरे एकाच बाईचे.

आग होतेय, ती पुन्हा म्हणाली,
या वेळी माझ्याकडे न बघता,
दोनदा सांगायची सवय असलेल्या आवाजात.

हातमोजा काढायचा नसतो. काढला.
बोटांची पालथी बाजू टेकवली,
पोराचा ताप बघतात तशी.
होता. तिथेच होता,
लाल नव्हता एवढंच.

आग, कढ, ठणका, चुरचुर, रसरस.
लहानपणी गांधीलमाशी चावली
की आम्हाला आधी विचारायचे, कसं होतंय?
दिसतंय काय, ते नंतर.
आमच्या रंगावर लाल दिसतं कुठे लवकर.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मनगटाला चिमटा काढला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
आणि यंत्र त्यावर टेकवलं.
काही खास नाही, म्हणालं.
मग खिडकी उघडून हात बाहेर काढला
आणि भिंतीच्या विटेला लावलं.
विटेला त्याने लगेच ओळखलं:
एकोणीस पूर्णांक चार.

तक्त्याच्या शेवटी एक अरुंद रकाना असतो,
बहुतेक रिकामाच जातो.
त्यात बारीक अक्षरात लिहिलं:
गाल गरम. बाई म्हणते, आग.
मोजणारीला मान्य.

डॉक्टर स्टॅनिफोर्थ सोमवारी विचारतील,
"मोजणारीला मान्य" हे कुठलं एकक?
मला अजून काही सुचलेलं नाही.

सातव्या दिवसाच्या वेळा द्यायच्यात.
व्हर्नाने होकार कळवलाय, एका शब्दात.
मॉरीनचा निरोप आहे,
गुरुवार सोडून कुठलाही वार चालेल.